सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मचं ऑनलाइन हेल्प डॉक्युमेंटेशन कसं तयार करायचं?

जँगो असो, रिअॅक्ट असो, अँड्रॉइड असो किंवा आपल्या मुंबईत बनलेला फ्रॅपे असो, नवीन प्लॅटफॉर्म शिकायला घेतला की आपण सगळ्यात आधी उघडतो ते त्याचं 'डॉक्स' पान. इन्स्टॉल कसं करायचं, पहिला प्रोग्रॅम कसा चालवायचा, एरर आला तर काय करायचं, हे सगळं तिथे मिळावं अशी आपली अपेक्षा असते. यालाच ऑनलाइन हेल्प डॉक्युमेंटेशन म्हणतात. ही पानं लिहितं कोण, कशी लिहितात, मराठीत लिहायची तर काय सांभाळायचं, हे या लेखात बघूया. कॉलेजचा प्रोजेक्ट असो की कंपनीचा स्वतःचा प्लॅटफॉर्म, पद्धत तीच आहे.

थोडक्यात इतिहास

हेल्प डॉक्युमेंटेशन सॉफ्टवेअरइतकंच जुनं आहे. युनिक्सचं पहिलं प्रोग्रॅमर्स मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ ला निघालं. आजही लिनक्सच्या टर्मिनलवर 'मॅन' लिहून पुढे कमांडचं नाव दिलं की जे पान उघडतं, ते त्याच परंपरेतलं. १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत विनहेल्प आलं. एफ-वन दाबलं की मदतीची खिडकी उघडायची. १९९७ पासून त्याची जागा सीएचएम फाइलींनी घेतली. पुढे सगळं वेबवर गेलं. २००८ मध्ये पायथॉनच्या डॉक्ससाठी बनवलेलं स्फिंक्स हे टूल आलं आणि २०१० मध्ये रीड द डॉक्स ही डॉक्स फुकट होस्ट करणारी सेवा सुरू झाली. त्यानंतर छोट्यातल्या छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टलाही स्वतःची हेल्प साइट ठेवणं परवडू लागलं.

साधनं बदलली, पण मूळ प्रश्न तोच राहिला: वाचणारा कोण आहे?

वाचक कोण, हे आधी ठरवा

पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसमध्ये काही अडलं की शेजारच्या सिनियरला विचारता येतं. पाच मिनिटांत काम होतं. त्यामुळे डॉक्समधली गाळलेली पायरी तिथे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता गोंदियाचा विचार करा. भंडारा जिल्ह्याचं विभाजन होऊन १ मे १९९९ ला झालेला हा जिल्हा, आठ तालुक्यांचा. ओळख धानाची आणि राईस मिलची. आयटी कंपन्यांचं जवळचं मोठं शहर नागपूर, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावला घरी बसून कोडिंग शिकणाऱ्या मुलीला विचारायला सिनियर नाही. नेट बहुतेक वेळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं. तिच्यासाठी डॉक्स हाच मास्तर आणि डॉक्स हाच सिनियर. चौथ्या पायरीनंतर पाचवी गाळून थेट सहावी लिहिली असेल, तर तिचं शिकणं तिथेच थांबतं. आणि बहुतेकांना वाटतं की चूक आपलीच, आपल्याला हे जमण्यासारखं नाही.

म्हणून या लेखातला मुख्य नियम एकच: ज्याला विचारायला शेजारी कोणी नाही, त्या वाचकासाठी लिहा. त्याला जमलं तर ऑफिसमध्ये बसलेल्याला जमणारच.

चार प्रकारची पानं

सगळी माहिती एकाच लांबलचक पानावर ओतणं ही नेहमी दिसणारी गडबड. डॅनिएले प्रोचिडा यांनी मांडलेली 'डायाटॅक्सिस' ही पद्धत सांगते की वाचकाच्या गरजा चार असतात आणि प्रत्येक गरजेसाठी वेगळं पान लागतं. जँगोचं डॉक्युमेंटेशनही अशाच चार भागांत लावलेलं आहे.

१. ट्युटोरियल: बोट धरून शिकवणारं पान. वाचकाला अजून काहीच येत नाही असं धरून लिहायचं. शेवटी त्याच्या हातात काहीतरी चालणारं असलं पाहिजे.

२. हाऊ-टू: ठरावीक काम उरकून देणारं पान. 'बॅकअप कसा घ्यायचा', 'ईमेल कसा जोडायचा'. इथे शिकवत बसायचं नाही, पायऱ्या द्यायच्या.

३. रेफरन्स: शब्दकोशासारखं पान. प्रत्येक कमांड, प्रत्येक फंक्शन, प्रत्येक पर्याय. कोरडं असलं तरी चालेल, अपुरं असून चालणार नाही.

४. समजावणी: 'असं का?' याचं उत्तर. रचना अशी का ठेवली, दोन पर्यायांत फरक काय.

फ्रॅपे फ्रेमवर्कचं उदाहरण घेऊ. मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजने बनवलेला हा ओपन सोर्स प्लॅटफॉर्म पायथॉन आणि जावास्क्रिप्टवर चालतो. ईआरपीनेक्स्ट हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर त्याच्यावरच उभं आहे. फ्रॅपेच्या डॉक्समधलं ट्युटोरियल एका वाचनालयाचं अॅप बनवायला शिकवतं: पुस्तकं, सभासद, सभासदत्व, पुस्तकांची देवघेव. ही निवड हुशारीची आहे. वाचनालय कसं चालतं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे वाचकाचं पूर्ण लक्ष प्लॅटफॉर्म शिकण्यावर राहतं. उदाहरण निवडताना ही युक्ती लक्षात ठेवा. विषय ओळखीचा हवा, नवीन फक्त टूल असावं.

एक पान लिहून बघू

गोंदियाच्या वाचकाला वाचनालयाइतकीच ओळखीची गोष्ट म्हणजे धानाची आवक. समजा, राईस मिलसाठी आवक नोंदवण्याचा फॉर्म फ्रॅपेमध्ये करायचा आहे. फ्रॅपेमध्ये अशा फॉर्मला आणि त्यामागच्या टेबलला मिळून 'डॉकटाइप' म्हणतात. त्याचं हाऊ-टू पान साधारण असं होईल:

शीर्षक: धान आवकेसाठी नवीन डॉकटाइप कसा तयार करायचा

हे झाल्यावर काय मिळेल: शेतकऱ्याचं नाव, वजन, बारदान्याची संख्या आणि ओलावा नोंदवता येईल असा चालू फॉर्म.

आधी काय लागेल: फ्रॅपे इन्स्टॉल केलेलं असावं, साइट आणि अॅप तयार असावं, 'शेतकरी' नावाचा डॉकटाइप आधीच केलेला असावा, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन असावं, डेव्हलपर मोड चालू असावा.

पायऱ्या:
१. टर्मिनलमध्ये बेंच फोल्डरमध्ये जाऊन 'बेंच स्टार्ट' कमांड द्या. ही खिडकी बंद करू नका.
२. ब्राउझरमध्ये साइट उघडा आणि वरच्या सर्च बॉक्समधून डॉकटाइपची यादी उघडा.
३. नवीन डॉकटाइपचं बटण दाबा, नाव द्या आणि आपल्या अॅपचं मॉड्यूल निवडा.
४. फील्ड जोडा: शेतकरी (लिंक, पर्यायात 'शेतकरी' डॉकटाइप), वजन क्विंटलमध्ये (फ्लोट), बारदाना (इंट), ओलावा (परसेंट).
५. सेव्ह करा.

बरोबर झालं हे कसं ओळखायचं: अॅपच्या फोल्डरमध्ये या डॉकटाइपच्या नावाचं नवीन फोल्डर आणि त्यात जेसन फाइल दिसेल.

शेवटची ओळ बऱ्याच डॉक्समध्ये नसते आणि एकट्याने शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त तीच लागते. 'सेव्ह करा' म्हटलं, त्याने केलं, आता पुढे? बरोबर झालं की नाही हे सांगणारी खूण प्रत्येक मोठ्या पायरीनंतर द्या.

'आधी काय लागेल' मधला डेव्हलपर मोडही उगाच लिहिलेला नाही. तो बंद असताना 'कस्टम' डॉकटाइप करता येतो, पण तो फक्त त्या साइटच्या डेटाबेसमध्ये राहतो. अॅपच्या फोल्डरमध्ये फाइल बनत नाही. मग कोड दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला की फॉर्म सोबत जातच नाही आणि वाचक तासन्‌तास शोधत बसतो. एका वाक्याची सूचना एवढा वेळ वाचवते.

रेफरन्समधल्या एका ओळीची किंमत

वरच्या फॉर्ममध्ये वजनाला फ्लोट आणि बारदान्याला इंट का निवडलं? इंट म्हणजे पूर्णांक. इंट फील्डमध्ये ३८.६ टाकलं तर ३८ राहतात, दशांश उडून जातो. बारदान्याला ते चालतं, कारण अर्धं पोतं मोजत नाहीत. पण वजनाला इंट ठेवलं तर ०.६ क्विंटल, म्हणजे ६० किलो धान नोंदीतून गायब. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. त्या हिशेबाने एका नोंदीमागे १३८० रुपये. स्क्रीनवर एररही येत नाही, त्यामुळे कोणाला कळतही नाही.

रेफरन्स पानावर 'इंट: पूर्णांक साठवतो' इतकंच लिहिलं तर ते चुकीचं नाही, पण पुरेसं नाही. 'दशांश टाकल्यास तो काढून टाकला जातो, वजन किंवा रकमेसाठी वापरू नका' ही पुढची ओळ हवी. रेफरन्स लिहिताना प्रत्येक पर्यायासाठी तीन गोष्टी सांगा: काय करतो, काही न दिल्यास काय धरतो, आणि नको ती किंमत दिली तर काय होतं. तिसरी गोष्ट लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि शेवटी भुर्दंड पडतो तो भलत्यालाच.

एरर मेसेजची पानं

लोक हेल्प साइटवर बहुतेक वेळा गुगलमधून येतात आणि गुगलमध्ये त्यांनी एररची ओळ जशीच्या तशी चिकटवलेली असते. त्यामुळे एररचं पान लिहिताना मूळ इंग्रजी ओळ अक्षरशः तशीच द्या. भाषांतर केलं तर ते पान सापडणारच नाही. त्याखाली मराठीत कारण आणि उपाय.

फ्रॅपेमधलंच उदाहरण: 'बेंच मायग्रेट' कमांड दिली आणि रेडिस कॅशे चालू नाही असा मेसेज आला. कारण साधं असतं. डेव्हलपमेंट करताना रेडिस 'बेंच स्टार्ट' सोबत चालू होतो आणि ती खिडकी बंद केलेली असते. उपाय: एका टर्मिनलमध्ये 'बेंच स्टार्ट' चालू ठेवा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये मायग्रेट करा. तीन ओळींचं पान, पण लाइट जाऊन आल्यावर कॉम्प्युटर नव्याने सुरू करणाऱ्यासाठी सगळ्यात कामाचं.

नवख्याकडून तपासणी

लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं, म्हणून गाळलेली पायरी त्याला दिसत नाही. यावर उत्तम उपाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने रुळवला आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेला हा प्रकल्प ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ बनवतो. शिक्षक नसतानाही विद्यार्थ्याला शिकता यावं, हाच त्याचा हेतू. तिथे स्क्रिप्ट लिहून झाली की विषयाचा जाणकार ती तपासतो आणि त्याशिवाय एक नवखाही तपासतो, म्हणजे ज्याला ते सॉफ्टवेअर येत नाही असा माणूस. तो स्क्रिप्ट वाचून एकेक पायरी करून बघतो. अडला की स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती.

तुम्हीही हे करू शकता. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला पान द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. तो जिथे थांबेल तिथे खूण करा. तुम्ही तोंडाने जे सांगायला जात होता, ते पानावर लिहा. अशा दोन-तीन फेऱ्यांत पान पक्कं होतं.

मराठीत लिहिताना

स्पोकन ट्युटोरियलची आणखी एक पद्धत घेण्यासारखी आहे. त्यांचे व्हिडिओ मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब होतात, पण स्क्रीन इंग्रजीच राहते, फक्त बोलणं बदलतं. कारण नोकरीवर गेल्यावर समोर इंग्रजी मेनूच असणार. लेखी हेल्पलाही हेच लागू करा: बटणांची, मेनूंची आणि कमांडची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवा, समजावणी मराठीत द्या.

शब्द निवडताना ओढाताण करू नका. 'फाइल'ला 'संचिका' म्हटलं तर वाचक अडखळेल. पण 'व्हॅल्यू'ला 'किंमत', 'कंडिशन'ला 'अट', 'एम्प्टी'ला 'रिकामं' म्हटलं तर वाचन सोपं होतं. एकदा ठरवलेला शब्द सगळीकडे तोच ठेवा. एका पानावर 'हटवा', दुसऱ्यावर 'काढून टाका', तिसऱ्यावर 'डिलीट करा' असं झालं की वाचकाला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यासाठी सुरुवातीलाच एक शब्दयादी बनवा. इंटरफेसमधल्या नेहमीच्या शब्दांसाठी फ्युएल या प्रकल्पाने मराठीसह अनेक भाषांच्या प्रमाण याद्या तयार केल्या आहेत, त्यांचा आधार घेता येतो.

तांत्रिक बाजूने चार गोष्टी सांभाळा:

सर्च: मराठीत शब्दाला प्रत्यय लागतात. 'फाइल', 'फाइलमध्ये', 'फाइलला', 'फायली' ही एकाच शब्दाची रूपं. साधा सर्च त्यांना वेगळे शब्द समजतो. शिवाय कोणी 'फाइल' लिहितो, कोणी 'फाईल'. प्रत्येक पानाला अशा पर्यायी शब्दांची यादी जोडा. बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, आणि गोंदियाकडे हिंदी शब्दही सहज येतात. तेही त्या यादीत घ्या.

युनिकोड: 'सुऱ्या' मधला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाल्या 'ऱ' ने किंवा साध्या 'र' नंतर हलंत आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर टाकून. दिसायला सारखंच, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळं. सर्चच्या आधी दोन्ही रूपं एक करून घ्या.

आकडे: समजावणीत देवनागरी आकडे चालतात, कोडमध्ये अजिबात नाही. पायथॉनच्या कोडमध्ये १२ हा आकडा देवनागरीत लिहिला तर सिंटॅक्स एरर येतो. तसंच वर्ड प्रोसेसरमधून चिकटवताना सरळ अवतरणचिन्हांची वाकडी झालेली असतात, कोड त्यानेही मोडतो.

पानाची भाषा: एचटीएमएलमध्ये पानाची भाषा मराठी असल्याचं नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर बरोबर उच्चार निवडतो. भाषा आणि व्हर्जन दोन्ही पत्त्यात ठेवा. पायथॉनच्या भाषांतरित डॉक्ससाठी पेप ५४५ मध्ये हीच रचना ठरवलेली आहे.

कोणतं साधन वापरायचं?

बहुतेक टीम आता 'डॉक्स अॅज कोड' पद्धत वापरतात. पानं मार्कडाउनसारख्या साध्या मजकुरात लिहायची, कोडच्याच गिट रिपॉझिटरीत ठेवायची आणि टूलने त्याची वेबसाइट बनवायची. पायथॉनवाल्यांसाठी स्फिंक्स किंवा एमकेडॉक्स, जावास्क्रिप्टवाल्यांसाठी फेसबुकने सुरू केलेलं डॉक्युसॉरस. गिट न येणाऱ्यांनाही लिहू द्यायचं असेल तर विकी बरा. फ्रॅपेचं स्वतःचं विकी अॅप आहे, त्यात वाचकाला पानात बदल सुचवता येतो आणि तपासून तो स्वीकारता येतो. साधन निवडण्यात आठवडे घालवू नका. मजकूर साधा असेल तर नंतर दुसरीकडे हलवता येतो.

कमी नेटसाठी

कमांड आणि एरर कधीच फक्त स्क्रीनशॉटमध्ये देऊ नका. फोटो उघडला नाही तर सगळंच गेलं, शिवाय त्यातून कॉपीही करता येत नाही. चित्रं लहान करा आणि खाली एका ओळीत वर्णन द्या. व्हिडिओ असेल तर त्याच पायऱ्या लेखीही द्या. डॉक्स डाउनलोड करायची सोय ठेवा. पायथॉन आणि जँगोचे डॉक्स ऑफलाइन वाचायला मिळतात, रीड द डॉक्सवर पीडीएफ बनवता येते, झील आणि डेव्हडॉक्ससारखी टूल्स तर नेट नसताना डॉक्स वाचण्यासाठी खास आहेत.

पानं शिळी होऊ देऊ नका

चुकीचं पान हे नसलेल्या पानापेक्षा वाईट. ते विश्वासाने वाचलं जातं. फ्रॅपेच्या व्हर्जन १३, १४, १५ मध्ये फरक आहेत. एका व्हर्जनच्या पायऱ्या दुसऱ्यावर चालतीलच असं नाही. म्हणून:

१. प्रत्येक पानावर ते कोणत्या व्हर्जनचं आहे आणि शेवटचं कधी तपासलं, हे लिहा.
२. फीचर बदललं की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये डॉक्सही बदला. डॉक्स नसेल तर मर्ज नाही.
३. नमुना कोड आपोआप चालवून तपासा. पायथॉनमध्ये त्यासाठी डॉकटेस्ट आहे. तुटलेल्या लिंक शोधणारी टूल्सही लावा.
४. सर्चमध्ये लोकांनी काय शोधलं आणि काहीच सापडलं नाही, ती यादी महिन्यातून एकदा बघा. पुढचं पान कोणतं लिहायचं हे तीच सांगते.
५. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर आधी डॉक्समध्ये लिहा आणि मग त्याला लिंक पाठवा.

सुरुवात कुठून करायची?

पन्नास पानांचा आराखडा करत बसू नका. पाच पानं पुरेत: इन्स्टॉलेशन, एक छोटं ट्युटोरियल, नेहमी लागणारी दोन कामं आणि सगळ्यात जास्त येणाऱ्या एररचं एक पान. ही पाच पानं एखाद्या नवख्याने तुमच्या मदतीशिवाय पूर्ण करून दाखवली की सहावं लिहायला घ्या.

विद्यार्थ्यांसाठी तर ओपन सोर्समध्ये शिरायचा हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे. एखादा प्लॅटफॉर्म शिकताना तुम्ही जिथे अडलात आणि मार्ग काढलात, तिथे डॉक्समध्ये दोन ओळींची दुरुस्ती सुचवा. ती जागा जुन्या डेव्हलपरला दिसत नाही, तुम्हाला दिसली आहे. तुमच्यानंतर त्याच पानावर येणाऱ्याला, तो आमगावचा असो की देवरीचा, त्या दोन ओळी उपयोगी पडतील.